बाबांचा गंधार

बाबांकडे सॅक्सोफोन ठेवायचा की नाही, हे रविवारच्या सभेत ठरणार होतं.

बाबा म्हणजे जालिंदर, दिंद्रुडच्या बँड कलाकार सहकारी संस्थेचे जुने सभासद. संस्थेत कुठलंही वाद्य कुणा एकाचं नसतं. ते कुणाकडे राहील हे सभा ठरवते. वाजवणारा मागे उभा राहतो, बाकीचे त्याच्याकडे पाठ करून बसतात आणि ज्याला सूर खटकतो तो हात वर करतो. सगळे एकमेकांचे सोयरे असल्यामुळे तोंड दिसलं की हात उचलत नाही, म्हणून ही पद्धत.

तो सलग दुसरा दुष्काळ होता. लोकांनी लग्नं पुढे ढकलली होती. ऊस नव्हता म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि बॉयलर पेटवायच्या पूजेला बँडची सुपारी असायची तीही गेली. माजलगावच्या सामुदायिक विवाहाची तेवढी उरली होती.

"जालिंदर, तुझा सूर उतरतोय," अध्यक्ष उत्तरेश्वरकाका घरी येऊन म्हणाले. "माजलगावात गडबड झाली तर पुढच्या सालीबी कुणी बोलवायचं न्हाई."

"वाजवून बगू," बाबा म्हणाले.

ते गेल्यावर बाबांनी सॅक्सोफोनच्या चोचीतली वेताची पत्ती पाण्यात भिजत घातली. त्या दिवसांत आमच्याकडे कुणीच काही विचारत नसे. टँकर आला की उठायचं, पाणी भरायचं, पुन्हा येऊन बसायचं.

मी नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. औरंगाबादहून येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जॅझवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, मुखपृष्ठावर सॅक्सोफोन होता म्हणून. आधी इतिहास, मग शैली, शेवटी वाजवायला कसं शिकायचं. इतिहासात एक फोटो होता. धुळीचा रस्ता, पितळी बटणांचे कोट, पुढे क्लॅरिनेटवाला.

"कंच्या गावचे हे?" बाबांनी विचारलं.

"अमेरिकेतले. यांचे आजे-पणजे गुलाम होते."

बाबांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. "कोट आपल्याच टेलरनं शिवल्यावानी हाय. बाहीत झोळ."

शैलीच्या प्रकरणात लिहिलं होतं की हे लोक काही ठरावीक सूर मुद्दाम जरा खाली लावतात. गंधार, निषाद, कधी पंचम. गंधार कोमल नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मधला. मला बाबांचा तसाच मधला गंधार आठवला. जयंतीच्या मिरवणुकीत मी तो वर्षानुवर्षं ऐकला होता. मी ते पान बाबांना मराठीत सांगितलं.

"म्हंजे माझं चुकत न्हाई?"

"नसेल."

"नसेल, का न्हाई?"

मी पुस्तक उचललं. उत्तरेश्वरकाकांकडे गेले आणि त्यांनाही तेच पान सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सभेत पुस्तक घेऊन ये," ते म्हणाले. "जालिंदरचा सूर त्याच्यात बसत आसंल तर कुणी हात वर करणार न्हाई. तू सांगशील तसं. तू शिकलेली हायस."

मोजण्याचं मला त्यानंतर सुचलं. आधी मोजायला हवं होतं. शनिवारी मी फोनवर सूर दाखवणारं ॲप उघडलं आणि बाबांना सरगम सावकाश वाजवायला सांगितली. सा वर काटा मधोमध राहिला. गंधारावर डावीकडे सरकला. पण मध्यमावरही सरकला, धैवतावर जास्त, आणि वरच्या सप्तकात एकही सूर जागेवर नव्हता. मुद्दाम उतरवणारा माणूस निवडून उतरवतो. हे निवडलेलं नव्हतं.

"तोंड उघडा बरं."

वरचे समोरचे दोन दात बोटाने हलत होते. सॅक्सोफोनची चोच याच दातांवर टेकते. तिथे पकड गेली की सूर खाली येतो, आणि जितकं वर जावं तितका जास्त. पुस्तकाच्या शेवटच्या भागात हे होतं. मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

"काय निगालं?"

"उद्या सांगते."

बाबांनी पत्ती पुसली आणि डबीत ठेवली.

सभा संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. मीही इतरांसारखी पाठ करून बसले. बाबांनी नेहमीचं वरातीचं गाणं वाजवलं, पूर्ण. कुणाचाही हात वर झाला नाही. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

"सांग बाई," उत्तरेश्वरकाका म्हणाले.

समोर पत्रा होता आणि त्यावर गंजाचे डाग होते. "पुस्तकात ठरावीक सूरच उतरतात," मी म्हणाले. "बाबांचे सगळे उतरतात. त्यांचे दात हलतायत."

पहिला हात म्हाळूमामाने वर केला. तो आईचा सख्खा भाऊ. मग एकेक करत बाकीचे. मागे चोच काढल्याचा, नंतर पेटीची कडी लागल्याचा आवाज आला.

"वळा की आता," बाबा म्हणाले. "ढोल कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं," म्हाळूमामा म्हणाला.

"लई बडवतोस बे तू. दे हिकडं. तू झांजा घे."

एकदोघे हसले. उत्तरेश्वरकाकांनी सॅक्सोफोन क्लॅरिनेटवाल्या पंडितकडे दिला. बाबांनी ढोल गळ्यात अडकवून पाहिला. पट्टा आखूड होता, तो त्यांनी तिथेच सैल केला.

सामुदायिक विवाहात बाबा शेवटच्या रांगेत होते. पंडितचं वाजवणं मी ॲपवर पाहिलं. गंधार, मध्यम, धैवत, सगळं बरोबर. मी फोन पर्समध्ये टाकला आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.