छपरावरचा झाडू

फ्राउकाचं घर समुद्राच्या बांधाला इतकं चिकटून होतं, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची फक्त गवताची भिंत आणि तिच्यावर चरणाऱ्या मेंढ्यांची ढुंगणं. समुद्र बांधापलीकडे. उभा जन्म तिने त्या खिडकीशी बसून कोळंबी सोलली. बादल्या भरून दारात यायची, सोलून बंदरावर परत जायची. समुद्र मात्र घरातून कधी दिसला नाही.

नवरा गेल्यावर तिने ठरवलं, माळ्यावर खोली करायची, उतरत्या छपरात खिडकी बसवायची आणि पलंगावर पडल्यापडल्या समुद्र बघायचा.

मुलगा एप्पो वैतागला. "आई, या वयात लोक पलंग वरून खाली आणतात. तू खालून वर निघालीस!"

"खाली तर तुम्ही मला पुरणारच आहात. त्याआधी जरा वर राहू दे."

लुबर्ट सुताराने काम सुरू केलं. जिना तयार होईपर्यंत फ्राउका माळ्यावर जाऊ शकत नव्हती. तो झाला तशी ती कठड्याला धरून वर चढली आणि जागीच थांबली. खिडकी पार छपराच्या टोकाजवळ बसवली होती. टाचा उंचावल्या तरी आभाळाशिवाय काही दिसेना.

"लुबर्ट, ही कोणासाठी? बगळ्यांसाठी?"

लुबर्ट टोपी चुरगाळायला लागला. "एप्पो म्हणाला काकू, उजेडापुरती पुरे. खाली घेतली तर तुम्ही सारखा जिना चढणार, पडणार."

"घर कोणाचं?"

"तुमचंच."

"आणि विचारलंस कोणाला?"

खिडकी चुकली याचा फ्राउकाला राग होताच, पण आपण जिवंत असताना आपल्याबद्दल दुसऱ्याला विचारलं, हे तिला फार लागलं.

गावाची रीत अशी, की छपराचं काम उरकलं की सुतार वर झेंडा लावतात आणि मालक त्यांना बिअर पाजतो. मालक चिकट निघाला तर झेंड्याऐवजी झाडू लटकतो आणि गावभर त्याची शोभा होते. बिअर खाली गार व्हायला ठेवलेली होती आणि लुबर्टच्या काखेत झेंडा तयार होता. फ्राउका खाली गेली ती स्वयंपाकघरातला झाडू घेऊन आली. स्टुलावर चढली आणि दांडा खिडकीबाहेर खुपसून तिने तो स्वतःच्याच छपरावर उभा केला. मालकिणीनेच झाडू लावल्याचं गावात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

शेजारीण टेटी रस्त्यातूनच ओरडली, "अगं, बिअर नाही पाजलीस? काय ही कंजुषी!"

"बिअर आहे गं! कंजूष माझा मुलगा आहे. आईला समुद्र द्यायला त्याचा हात आखडतो!"

टेटीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. एप्पो बंदरावर गेला तर जाळी दुरुस्त करणारे म्हणाले, "काय रे, समुद्र संपत आलाय का? आईला देत नाहीस म्हणे!" तसाच तो लालबुंद होऊन आईकडे आला.

"आई, तो झाडू काढ."

"खिडकी खाली आली की झाडू खाली येईल."

"पडलीस तर?"

"पडले तर माझ्या घरात, माझ्या जिन्यावरून पडेन. तुला विचारून पडणार नाही."

एप्पोने हात टेकले. लुबर्टने खिडकी उशीच्या पातळीला आणून बसवली, झाडू खोलीत आला, छपरावर झेंडा लागला, बिअरच्या बाटल्या उघडल्या. फ्राउका माळ्यावर आणलेल्या पलंगावर आडवी झाली. बांधापलीकडे ओहोटी लागली होती. ओला चिखल दूरवर चमकत होता आणि कोळंबीच्या होड्या त्यात कलून पडल्या होत्या. तिचे डोळे भरून आले. एप्पोही पलंगाच्या कडेला बसला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला.

शेवटी उठत त्याने विचारलं, "हा झाडू खाली नेऊन ठेवू?"

"इथेच राहू दे, पलंगाखाली," ती बाहेरची नजर न वळवता म्हणाली. "पुन्हा कोणी माझ्याबद्दल तुला विचारलं, तर हाताशी हवा."