मेंदू चोख हाय

पौडला आमचं नळ-पाइपांचं दुकान आहे. अब्बा, म्हणजे चाँदभाई, प्रत्येक पाइप उजेडाला धरून आरपार बघतात आणि "चोख हाय" म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. माझ्या डोक्याचंही त्यांनी तेच केलं.

मला स्किझोफ्रेनिया आहे. एक माणूस कानाशी टोमणे मारत असतो आणि तो माणूस कुठेच नसतो. गोळ्या घेतल्या की लांब जातो. मध्यंतरी पुण्याला एमआरआय काढला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अब्बांना नीट समजावलं होतं. "हजारो रुग्णांची सरासरी काढली तर मेंदूतल्या पोकळ्या जराशा मोठ्या दिसतात, वरचा थर किंचित पातळ. पण एकट्या माणसाच्या फोटोवरून हा आजार ओळखता येत नाही. गाठ नाही, एवढंच आपल्याला कळलं. रुहीच्या गोळ्या चालूच ठेवा."

अब्बांनी त्यातलं "गाठ नाही" तेवढं ऐकलं. घरी येताच गोळ्या त्यांच्या कपाटात गेल्या आणि किल्ली खिशात. मी रडले, भांडले. ते म्हणाले, "फोटू खोटं बोलतोय व्हय?"

मग पिरंगुटचं स्थळ आलं. बाजारात माझ्याबद्दल कुजबुज होतीच, म्हणून चहा होताच अब्बांनी फिल्म खिडकीच्या उन्हात धरली. "लोक लपवत्यात, आमी आतून दाखवतूया. बघा, मेंदू चोख हाय." मुलाची आई बीबीजान चष्मा लावून माझी कवटी न्याहाळू लागली. माझ्या तोंडाकडे बघायला बाईंना फुरसत नव्हती. मुलगा शाकिर मोबाइलमध्ये.

मला असा संताप आला! शरम गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "मला आवाज ऐकू येत्यात. मी आजारी हाय. माझ्या गोळ्या अब्बांनी कोंडून ठेवल्यात."

बीबीजान खळखळून हसली. "लई बेरकी हाय पोरगी! लगीन नको म्हणून येड्याचं सोंग घेतीया. अवो, फोटूत तर काय बी न्हाई!" अब्बा हसले. अम्मीसुद्धा हसली, याचं मला सर्वात वाईट वाटलं.

"खरं बोलतीया ती," कुणीतरी म्हणालं. मी मोठ्या आशेनं वळून बघितलं. मागे नुसती भिंत होती.

"लाजली बघा," म्हणत बीबीजाननं माझ्या तोंडात पेढा कोंबला. ओरडले तर सोंग, गप्प बसले तर धडधाकट. मी पेढा गिळला आणि अब्बांनी तारीख विचारली.