मंगळवारचा कोट

काकू दाराशी येऊन थबकल्या, तसे मास्तर कात्री कापडात तशीच सोडून उठले आणि उंबऱ्याजवळचं काळं पायपुसणं, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसं, दोन बोटांत धरून कोपऱ्यात भिरकावलं. काकूंनी पायाखाली बघितलं. मघाशी तिथे खड्डा होता, आता फरशी होती. त्या आत आल्या.

“ह्यांचा कोट झाला का?”

“मंगळवारी,” मास्तर म्हणाले.

“नक्की ना? थंडीच्या आत व्हायला हवा. ह्यांना गावाला जायचंय.”

“नक्की, काकू. फक्त बटणं राहिलीत.”

काकू समाधानाने खुर्चीवर टेकल्या, थोडा वेळ मशीनची सुई खाली-वर होताना बघत राहिल्या आणि मग, एक काम मार्गी लागल्यासारख्या, घरी गेल्या.

‘मंगळवारी’ हा शब्द त्या दुकानात शिलाईपेक्षा जास्त निघत असे. कुठला मंगळवार, हे मास्तरांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळे ते खोटं बोलतात असंही कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं. त्यांच्या पाठीमागे अख्खी गल्ली त्यांना ‘मंगळवार’च म्हणे. त्यांच्या भरवशावर राहिलेले किती नवरदेव मित्रांचे कोट घालून बोहल्यावर चढले होते. पण उशिरा का होईना, इतरांचे कपडे शिवून होत. काकूंच्या कोटाचं तर कापडच दुकानात नव्हतं. तो कोट मास्तरांनी फार वर्षांपूर्वी शिवून दिला होता, अर्थातच उशिरा. काकांनी तो विरेपर्यंत वापरला, आणि मग काकाही गेले. काकूंच्या आठवणीतून हळूहळू बरंच काही गळालं. गळता गळता नेमका तो न शिवलेला कोट तेवढा राहिला.

पायपुसण्याची भानगड मास्तरांना व्यापारी मंडळाच्या व्याख्यानात कळली होती. विसरभोळेपणाच्या आजाराने ग्रासलेल्या वृद्धांना आपल्या दुकानांत परकं वाटू नये, म्हणून औषधवाल्यांच्या माडीवर मंडळाने ते ठेवलं होतं. बोलायला आलेली मुलगी तरुण होती आणि तळमळीने सांगत होती. अशा माणसांना काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. त्यांच्याशी वाद घालू नका. चूक दाखवू नका. म्हणतील त्याला हो म्हणा, अगदीच अडलं तर विषय बदला.

“हे तर आपण धडधाकट गिऱ्हाइकांशी रोज करतो,” चपलांचा दुकानदार मास्तरांच्या कानात पुटपुटला.

शेवटी प्रत्येकाला दारावर लावायला हसऱ्या आजोबांचं एक स्टिकर मिळालं. भांडीवाल्याने ते उलटं चिकटवलं, त्यामुळे त्याच्या दारावरचे आजोबा अजून शीर्षासनात आहेत. मास्तर निघायच्या बेतात होते, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “आणि हो, त्यांना आशेवर झुलवत ठेवू नका. ताटकळण्याचा त्यांना फार त्रास होतो.”

अख्ख्या माडीने वळून मास्तरांकडे बघितलं.

ते बघणं मास्तरांच्या मनातून जाईना. काकू घरी गेल्यावर त्यांनी कात्री हातात घेतली, पण चालवली नाही.

“किती खेपा घालायला लावाल त्या बाईंना?” बायको काज करता करता म्हणाली. मशीनच्या पलीकडे तिची जागा होती, आणि तिथून तिला दुकान आणि नवरा दोन्ही स्पष्ट दिसत. “एक कोट शिवून द्या नि मोकळे व्हा.”

“आणि माप कुणाचं घेऊ?”

“तुम्ही कधी मापाने शिवलंयत?”

मास्तरांनी फळीवरचा राखाडी कापडाचा एक उरलेला तागा काढला. काकांचा डावा खांदा जरा उतरता होता, एवढं त्यांना आठवत होतं. तो त्यांनी उतरताच ठेवला. अस्तर चांगलं लावलं, स्वतःच्या कोटाला लावलं नसतं इतकं चांगलं. पुढच्या मंगळवारी दुकान उघडलं, तेव्हा कोट इस्त्री होऊन हँगरवर लटकत होता. बायकोने एकदा कोटाकडे आणि एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

“आजचाच मंगळवार?”

“आजचाच.”

“बरं वाटतंय ना तुम्हाला?”

काकू आल्या. त्यांनी विचारायच्या आत मास्तरांनी कोट त्यांच्यासमोर धरला.

“झाला?” काकूंनी विचारलं.

“झाला.”

काकूंनी कॉलरवरून बोट फिरवलं. आतला खिसा चाचपला. बटणं एकेक करून ओढून बघितली. कुठे काही राहिलंय का, हे त्या शोधत होत्या आणि कुठेच काही राहिलेलं नव्हतं.

“मग आता?” त्या म्हणाल्या.

काम का झालं नाही, याला मास्तरांकडे नाना प्रकारची उत्तरं होती. काम झाल्यावर पुढे काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते नुसते हसले. काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. कोट हातावर घेऊन गेल्या.

त्या आठवड्यात काकू फिरकल्या नाहीत. मास्तर मनाशी म्हणाले, कोट मिळाला, आता कशाला येतील? हिशोब बरोबर होता. तरी दाराशी कुणी थबकलं की त्यांचा पाय मशीनवर थांबे.

मग एका सकाळी काकूंची मुलगी आली. तिचे शाळेचे गणवेश मास्तरांनीच शिवले होते, त्यामुळे तिच्या येण्यात थोडी जुनी तक्रार कायमच असे.

“मास्तरकाका, आईला तो कोट तुम्ही दिलात?”

“त्याचं काय एवढं,” मास्तर नम्रपणे म्हणाले आणि कौतुकाची वाट बघू लागले.

ती खुर्चीवर बसली.

“आधी सकाळी उठून वेणी घालायची, साडी बदलायची. ‘मास्तरांकडे जाऊन येते’ म्हणायची. मी गॅलरीतून बघायचे. गल्लीत सगळे ओळखीचे, तुमच्या दारात शिरली की मी निर्धास्त. आता उठतच नाही. म्हणते, कामं संपली. आणि परवा उठली, ती गल्ली सोडून थेट मोठ्या रस्त्याला लागली. भाजीवालीने हात धरून आणलं. कुठे निघाली होतीस म्हटलं, तर म्हणे, कुठे काही काम निघतंय का बघत होते.”

मास्तरांनी कोपऱ्यातल्या पायपुसण्याकडे बघितलं.

“आता मी बाहेरून कुलूप लावते, काका. दाराला आतून धडका मारते ती. सांगा, दुसरं काय करू?”

बायकोने दाताने दोरा तोडला.

“आयुष्यात एकदा काम वेळेवर केलंत,” ती मास्तरांना म्हणाली, “आणि बघा.”

मास्तर उठले. गळ्यात टेप होता तो तसाच ठेवून ते मुलीच्या मागोमाग निघाले. तिने कुलूप काढलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. कोट समोरच्या खुंटीवर होता, जागचा न हललेला. काकूंनी मास्तरांकडे अनोळखी नजरेने बघितलं. मग नजर टेपवर गेली आणि चेहरा सैल झाला.

“काकू, कोट परत न्यायला आलोय.”

“का?”

कोट घट्ट नाही, तुम्ही सुटलात. खांदा सरळच आहे, तुम्ही वाकडे उभे राहता. मास्तरांचा सगळा धंदा या वाक्यांवर उभा होता. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

“बाही चुकली. माझीच चूक.”

मागे मुलीने दाराची चौकट धरली. एक बाही आखूड असलेले गणवेश घालून ती दहावी झाली होती, पण हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं.

काकू उठून उभ्या राहिल्या. “मला वाटलंच होतं! तुमचं काम एका खेपेत धड झालंय कधी? आणि कॉलर?”

“कॉलरही जरा...”

“आणि अस्तर?”

हे मात्र मास्तरांना लागलं. अस्तर फारच सुरेख बसलं होतं.

“अस्तरही,” ते म्हणाले.

“मग देणार कधी?”

“मंगळवारी.”

“तुमचा काही भरवसा नाही. मी मधूनमधून येऊन बघून जाईन.” एवढं बोलून काकू फणी शोधायला आत गेल्या. आतून त्यांचा आवाज येत राहिला, मास्तरांच्या एकूण कारकिर्दीबद्दल. मुलगी ऐकत उभी होती. मग हातातलं कुलूप तिने टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. वेणी घट्ट घातलेली, साडी बदललेली. उंबऱ्यापाशी न थबकता आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

“ह्यांचा कोट झाला का?”

“बाही उसवलीय,” मास्तरांनी सुटी बाही उचलून दाखवली.

“बरं झालं.”

त्या बसल्या. मशीन चाललं. बायकोने पुढ्यात ठेवलेला चहा त्यांनी बशीतून प्यायला, चपलांच्या दुकानदाराने दारातून डोकावून केलेला नमस्कार घेतला. मग निघायला उठल्या आणि जाता जाता त्यांनी कोटाच्या रिकाम्या खांद्यावर, त्या उतरत्या बाजूला, हात ठेवला.

“मास्तर, घाई नका करू हं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ह्यांना आता थंडी वाजत नाही.”

मास्तरांचा पाय मशीनवरच राहिला. बायकोची सुई काजात अर्धी गेली होती, ती तिथेच थांबली.

काकूंनी खांद्यावरचा एक दोरा टिपला, फुंकून उडवला. “पण मंगळवारी मी येतेय,” त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. काकू गल्लीतून चालत गेल्या, भांडीवाल्याच्या उलट्या आजोबांकडे बघून जरा थांबल्या, मान वाकडी करून त्यांना न्याहाळलं आणि पुढे घराच्या फाटकात वळल्या. गॅलरीतून मुलीने हात वर केला. मास्तरांनीही केला.

परत येऊन त्यांनी कोट पुढ्यात ओढला. दुसरी बाही अजून जागच्या जागी होती, टाकान् टाका नीट. बायकोने न मागता ब्लेड त्यांच्यापुढे सरकवलं.

“मंगळवारपर्यंत उसवून होईल ना?”

“बघू,” मास्तर म्हणाले आणि कधी नव्हे ते लगेच कामाला लागले.