निरंक वाडीची आवक

केशरबाई गर्जे यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि तीन महिन्यांचे अर्ज कचेरीच्या फरशीवर पालथे केले. धूळ उडाली. आबासाहेबांना शिंक आली, आणि शिंक ओसरायच्या आत त्यांनी मत देऊन टाकलं, की बाईमाणूस कचेरीत आलं की दिवाळीची झाडलोट बारमाही चालायची.

"झाडलोट नाही. शोधतेय," केशरबाई म्हणाल्या.

"काय शोधताय?"

"सापडलं की सांगते."

आबासाहेब टंचाई शाखेचे अव्वल कारकून, केशरबाई त्यांच्या हाताखाली आवक-जावक सांभाळत. मास्तर नवरा गेल्यावर त्यांना ही नोकरी लागली, त्याला आता आठ वर्षं झाली होती. त्र्याहत्तर साल लागलं होतं आणि मागचा पावसाळा कोरडा गेला होता. एकशे अठरा गावांच्या तालुक्यातून कागद येत होते. रस्त्याचं काम द्या, पाझर तलाव द्या, निदान खडी फोडायला द्या. अर्जामागून स्मरणपत्र, स्मरणपत्रामागून तार, तारेमागून कुणाची तरी शिफारस. वर जिल्ह्याला तीच माहिती तीन नमुन्यांत हवी असायची, आणि तिन्हींतल्या बेरजा एकमेकींचं तोंड पाहत नसत.

कचेरीची रीत अशी, की आलेला कागद टेबलावरच्या लोखंडी सुळ्याला टोचायचा आणि सुळा भरला की गठ्ठा पोत्यात टाकायचा. तहसीलदार साहेबांना वरचे आठ-दहा कागद बघायला वेळ मिळे. ही गोष्ट चिंचटाकळीचे पुढारी काकासाहेब यांनी सगळ्यांच्या आधी हेरली. दर सोमवारी साडेअकराला ते ताजा अर्ज घेऊन येत, स्वतःच्या हातानं सुळ्याला टोचत आणि आबासाहेबांच्या डब्यातलं पान लावून परत जात. चिंचटाकळीला दोन कामं मिळाली होती. तिसरं वाटेत होतं.

आबासाहेब कामचुकार नव्हते. उलट त्यांनी भिंतीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पाटी लावली होती: 'आवक झालेल्या प्रत्येक बाबीस पंधरा दिवसांत उत्तर जाईल.' पाटीला दर शनिवारी फडकं मारलं जाई. सुळ्याला मात्र कुणी हात लावत नसे.

केशरबाईंनी चार दिवस लावले. रद्द झालेल्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या केल्या, गावामागे एक. चिठ्ठीवर तीनच गोष्टी: काम मागणारे हात किती, जवळचं चालू काम किती लांब, अर्ज किती आले. मग या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी ताणून एकशे अठरा चिठ्ठ्या टाचण्यांनी लटकवल्या. पोत्यात जे मावत नव्हतं ते दीड भिंतीत मावलं.

चिंचटाकळीच्या चिठ्ठीवर अर्ज होते एक्केचाळीस. मुरमाच्या वाडीची चिठ्ठी कोरी होती.

वाडी तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला. तलाठ्याचं मुक्कामाचं गाव चिंचटाकळी. तो तिथूनच वाडीचा साप्ताहिक तक्ता भरी. कामाची लेखी मागणी: निरंक. असे बारा आठवडे, बारा निरंक.

"निरंक म्हणजे काही नाही," आबासाहेबांनी समजावलं. "काही नाही म्हणजे सुखी आहेत. तुम्ही त्यांच्या सुखाला कशाला टाचण्या लावताय?"

"बारा आठवडे सुखी राहिलेलं गाव मी बघितलं नाही अजून."

"ते राहू द्या. गुरुवारी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येतायत. ही सुतळी काढा. कचेरी आहे ही, लग्नाचा मांडव नव्हे."

केशरबाईंनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यावर टाक ठेवला.

"काय हे?"

"सुतळी काढावी म्हणून लेखी द्या. आवक करून घेते. पंधरा दिवसांत उत्तर मिळेल."

आबासाहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग कागदाकडे. पान चघळत ते बाहेर निघून गेले. सुतळी राहिली.

रविवारी केशरबाई एसटीनं फाट्यावर उतरल्या आणि पुढं कोसभर मुरुम तुडवत गेल्या. वाडीत पुरुष म्हणावेत असे तीन म्हातारे होते. बाकी सगळी माणसं ऊसतोडीला श्रीरामपूरच्या बाजूला गेली होती. लेकुरवाळ्या बाया, बाळंतिणी आणि ज्यांना टोळीत घेतलं नाही अशा तेवढ्या मागं राहिल्या होत्या. वाडीत लिहिता येणारा भीमा एकटाच, आणि टोळीचा हिशोब ठेवायला मुकादमानं त्यालाच नेलं होतं. केशरबाईंनी पिशवीतून कागद काढला. तुम्ही सांगा, मी लिहिते, म्हणाल्या. तोवर कडेवर नातू घेतलेली एक बाई पुढं येऊन त्यांचं तोंड निरखून बघत होती. तिचं नाव बायडाबाई.

"वळखलं न्हाई का बाई मला?"

"नाही हो."

"आमी चौघी आल्तो की कचेरीला. दिवाळी झाली हुती. तुमीच म्हनल्या, असं तोंडी चालत न्हाई, कागद आना." तिच्या आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं ती सांगत होती. "भाईर अर्ज लिव्हनारा रुपया मागत हुता. रुपया असता तर काम कशाला मागितलं असतं? म्हून मग गप बसलो."

केशरबाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका पडला, मोठा होत गेला. त्यांना चौघी आठवेनात. दिवसाला अशा कितीतरी जणी येत, आणि केशरबाई प्रत्येकीला हेच सांगत, नेटक्या सुरात, मान वर न करता. आबासाहेबांचा सुळा निदान डोळ्यांना दिसत तरी होता.

त्यांनी कागद घडी करून पिशवीत परत ठेवला.

"अर्ज नको," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्हीच या. सगळ्या."

सोमवारी साडेअकराला काकासाहेब ताजा अर्ज घेऊन आले तेव्हा कचेरीचा ओटा भरलेला होता. सव्वीस बाया चार कोस चालून आल्या होत्या. केशरबाई एकेकीला आत बोलावत, नाव विचारत आणि आवक नोंदवहीत चढवत. क्रमांक, तारीख, कोणाकडून, आणि मजकुराच्या रकान्यात: समक्ष, काम पाहिजे. मग तो क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात देत. बाया चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून पुन्हा ओट्यावर जाऊन बसत.

आबासाहेब बघत राहिले.

"अहो, नोंदवहीत कागद चढवतात. माणसं नाही."

केशरबाईंनी डोकं वर न करता कोरा कागद आणि टाक त्यांच्याकडे सरकवला. आबासाहेबांनी टाक उचलला, तसाच खाली ठेवला. काकासाहेबांनी सुळ्यापर्यंत नेलेला हात मागं घेतला. आज पान न खाताच ते परतले.

बाराच्या सुमारास तहसीलदार साहेब आले. ओटा ओलांडायला त्यांना वाट काढावी लागली. त्यांनी नोंदवही पाहिली, चारशे बारा ते चारशे सदतीस. मग सुतळीपाशी गेले. मुरमाची वाडी आता कोरी नव्हती. त्यांनी टाचणी काढून चिठ्ठी हातात घेतली.

"पहिली मागणी नोव्हेंबरात, तोंडी," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अर्ज आणा म्हणून परत पाठवल्या. कुणी पाठवल्या परत?"

आबासाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"खाली सही आहे, साहेब," केशरबाई म्हणाल्या.

साहेबांनी सही वाचली. केशरबाईंकडे पाहिलं. त्या टेबलापाशी उभ्या होत्या, ताठ, हात पाठीमागं बांधून.

"हे तुम्ही लिहिलं नसतंत तर कुणाला कळलंही नसतं."

"म्हणूनच लिहिलं."

साहेब चिठ्ठी खिशात घालून ओट्यावर गेले आणि बायांना म्हणाले, की वाडीत नाल्याच्या बांधाचं काम काढायचा हुकूम निघेल, चार-आठ दिवस लागतील, तुम्ही घरी जा आता, ऊन वाढतंय.

एकही उठली नाही. बायडाबाईनं पदराची गाठ सोडली, चिठ्ठी काढून साहेबांसमोर धरली.

"आमची आवक झालीया, सायेब. जावक झाल्याबिगर कसं जावं?"

साहेबांनी मागं वळून आबासाहेबांना जावक नोंदवही आणायला सांगितली. आबासाहेबांनी कपाट उघडलं, मग दुसरं उघडलं. वही केशरबाईंच्या टेबलावर उघडी होती. पानावर आजची तारीख आधीच घातलेली होती, शाई वाळलेली.