फणा नसलेली वाम

भागवतची रीतच वाईट आहे, मित्रांनो. ज्याच्यापुढे हात जोडतो, त्याच्याच अंगावर छिन्नी घालायला निघतो.

मी एक जुनी वाम आहे. जुनी म्हणजे साडेसहा कोटी वर्षांची. तुमच्या पणजीचं वय मला सांगू नका. सापासारखी लांब दिसत असले तरी मी मासाच. पाठीपासून शेपटीपर्यंत मला एकसलग पंख आहे आणि त्यात छत्रीसारख्या बारीक काड्या आहेत. अशा काड्यांच्या पंखांचं आमचं गोत फार जुनं, फार मोठं. तुमच्या ताटातला रोहू आमचाच, मरळ आमचीच. शार्क आमची नव्हे. तिच्या अंगात हाडच नाही, आणि बिनहाडाच्यांशी आम्ही सोयरीक करत नाही.

तळ्याच्या गाळात मी निजले. वरून ज्वालामुखीचा तापलेला रस आला, थिजला, त्याचा काळा खडक झाला. माझाही दगड झाला, पण एक काटा जागचा हलला नाही.

मग कंधारजवळ भागवतच्या वडिलांनी, किशनरावांनी, विहीर खणली. मी उजेडात आले. "नागोबा निघाला," म्हणत त्यांनी मला लिंबाखाली बसवलं. चाळीस नागपंचम्या दूधहळद अंगावर घेतली. खोटं कशाला सांगू, मान बरा वाटायचा. मी नाग नाही, हे विसरायला झालं होतं.

आता लोक हसतात, बिनफण्याचा नागोबा म्हणतात. म्हणून आज भागवतनं मलप्पा पाथरवटाला आणलंय. माझं डोकं तासून त्याचा फणा करायचाय. अरे, माझी सगळी ओळख त्या डोक्यात. तेच गेलं तर मी कोण?

मलप्पानं पहिला घाव घातला. जबड्याची कपची उडाली. ती उचलून त्यानं तिच्यावर अंगठा फिरवला.

"मालक, दात हाईत. पाठीला काड्या बी हाईत. ह्यो नाग न्हाई, मासा हाय."

"ठावं हाय मला. आमची पोरगी सुकन्या कालेजात शिकती, तिनं कवाच सांगितलं. पर चाळीस वर्सं गावाकडून नारळ फोडून घेतले की आमी. आता मासा हाय म्हनून सांगू?"

"मंग माशाला फणा मी न्हाई काढनार." मलप्पानं छिन्नी खाली ठेवली.

भागवतनं ती उचलली.

मित्रांनो, जमिनीतून जुनं काही निघालं तर आधी जाणत्याला विचारा, मग हात लावा. मला आता वेळ नाही. दगडाला आवाज नसतो म्हणतात. तरी उरलेल्या जबड्यानं मी बोलले,

"भागवता, तुझ्या बापानं मला ओळखलं नाही, म्हणून पुजलं. तू ओळखलंस, म्हणून तासतोस. त्याची चूक होती. तुझं पाप आहे."