आम्लात धुतलेली पूड

संयोगितानं काळी पूड ॲसिडमध्ये ओतली आणि बाटलीला झाकण लावलं. थोडी मागं ठेवावी, असं मनात आलं होतं. पण तिनं सगळीच ओतली.

चार वर्षं ती या पुडीच्या मागं होती. कार्बनवर तांब्याचा एकेक अणू सुटा बसवायचा, आणि त्या सुट्या अणूंकडून ऊसपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट काढून घ्यायचं. पूड काम करत होती. काम सुटे अणूच करतात, असं सांगणारा शोधनिबंध स्वीकारलाही गेला होता. पण भट्टीत तापताना काही अणू एकमेकांना चिकटून बारीक गोळे होतात. काम सुटे अणू करतात की हे गोळे, ते कुणी पाहिलं नव्हतं. ॲसिडनं गोळे विरघळतात, घट्ट बसलेले सुटे अणू राहतात. परीक्षा साधी होती. तिचे मार्गदर्शक शशिधर सर दर वेळी म्हणायचे, "ते राहू दे आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं धुतलेली पूड पाण्यात घातली. यंत्रावरची रेघ तळाशीच सरपटत राहिली. तिनं तारा तपासल्या, पाणी बदललं. रेघ तशीच; पूड आता नायट्रेट काढतच नव्हती. राजारामपुरीतल्या खोलीवर जाऊन झोपावं, एवढंच तिला वाटलं.

सर आत आले आणि यंत्राच्या पडद्यासमोर थबकले.

"ॲसिडनं धुतलीस?"

"हो सर. सगळी. काम गोळेच करत होते. सुटे अणू नुसते बसून हायत."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"माझंबी असंच आलं होतं."

"कधी?"

"उन्हाळ्यात. तू गावी, नेसरीला गेलतीस तेव्हा. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असंल. तुझ्या हातनंबी तसंच आलं तर, म्हणून तुला करू दिलं न्हाय."

तिच्यात रागवायचंही बळ उरलं नव्हतं. तिनं एक स्टूल त्यांच्याकडं सरकवलं.

"तुमचे आकडे द्या सर. निबंध मागं घेऊ. गोळ्यांचं म्हणून नव्यानं लिहू."

"अजून दोन वर्षं जातील तुझी."

"व्हय."

सर बसले. मोबाइलमध्ये उन्हाळ्यातले फोटो शोधायला त्यांना वेळ लागला. आकडे वाचून दाखवायला त्यांनी मान वर केली, तर संयोगिता टेबलावर डोकं टेकून झोपली होती.

त्यांनी तिचा लॅपटॉप हळूच आपल्याकडं ओढला आणि संपादकांना लिहायला घेतलं.