सोळावी कुपी

जनेल चिठ्ठी लिहीत होती, तेवढ्यात आर्विड टोलेफसननं हात लांबवला आणि तिच्यासमोरचं कार्ड तळव्याखाली दाबून धरलं.

“आज चिठ्ठी नाही,” तो म्हणाला. “काय असेल ते तोंडानं बोल. सगळ्यांदेखत.”

जनेलनं पेन्सिल खाली ठेवली. ती त्याची मुलगी, पस्तिशीची. बापाच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. त्याच्या हाताकडे बघत बसली.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी त्यांचा खेळ चालायचा. चौकटींच्या कागदावर काढलेला नकाशा, फासे, ताज्या चीजच्या तुकड्यांचा डबा, ड्यूई कॉपनं घरून आणलेलं सॉसेज. खिडकीबाहेर गोठलेलं तळं आणि त्यावर मासे धरणाऱ्यांच्या फळकुटांच्या झोपड्या. खेळ चालवायची ग्रंथपाल म्युरिएल हाउगन. गुहा तिच्या, राक्षस तिचे आणि न्यायनिवाडाही तिचाच. बाकीचे तिघं त्या गुहांतून हिंडायचे. शाळेची बस चालवणारा ड्यूई इथं बुटका लढवय्या होता, जनेल कुलपं उघडणारी चोरटी होती, आणि आर्विड व्रतवीर. व्रतवीर म्हणजे देवाला शब्द दिलेला शूर गडी. खोटं बोलायचं नाही, शरण आलेल्याला दगा द्यायचा नाही. त्या बदल्यात देव दोन गोष्टी देतो: जखमेवर हात ठेवून प्रार्थना केली की जखम भरते, आणि जवळ कुणी वाईट असलं की त्याची चाहूल लागते.

हे चाहूल घेण्याचं काम आर्विडला भारी शोभायचं. एकतीस वर्षं तो चीजच्या कारखान्यात पारखी होता. चाकाएवढ्या चीजमध्ये पोकळ सळई खुपसायची, आतला नमुना काढून हुंगायचा, आणि वरून देखणं दिसणारं चाक आत नासलंय की नाही ते सांगायचं. त्याला नवा बूट दिला तर तो आधी टाच उचकटून बघेल, असं गावात म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

“अहो आर्विडदादा,” ड्यूई म्हणाला, “माझा बुटका तिकडे पोटात भाला घेऊन पडलाय आणि तुम्हाला कागदाची पडलीय होय? आधी हात ठेवा माझ्यावर. मग बापलेक काय भांडायचं ते भांडा.”

“ठेवतो. पण त्याआधी हिची झोळी उलटी करायची.”

“बाबा,” जनेल म्हणाली, “खेळ आहे हा.”

“म्हणूनच विचारतोय. सप्टेंबरात त्या संन्याशानं आपल्याला औषधाच्या सोळा कुप्या दिल्या. तुझी बोटं चपळ म्हणून सगळ्या तुझ्याकडे ठेवल्या. तेव्हापासून ज्याला ज्याला लागलं त्याला मी हात ठेवून बरं केलंय. एक कुपी कुणी उघडलेली मी पाहिली नाही. आता सांग, किती उरल्यात?”

जनेलनं म्युरिएलकडे पाहिलं. म्युरिएल चष्म्याची काच पुसत होती.

“एक,” जनेल म्हणाली.

“ऐकलंस ड्यूई? एक! पंधरा कुप्यांना पाय फुटले.”

ड्यूईचा सॉसेज कापणारा हात थांबला. त्यालाही हे ठाऊक नसावं.

आर्विडला संशय आला होता डिसेंबरात. तो जखमेवर हात ठेवायला वाकला, की नेमकी त्याच वेळी जनेल ग्रंथालयाचं एखादं जुनं कार्ड ओढायची, चार शब्द खरडून म्युरिएलकडे सरकवायची. म्युरिएल वाचायची, मान हलवायची आणि कार्ड पत्र्याच्या डब्यात टाकायची. गुपचूप काही करायचं असेल तर असं लिहून द्यायची पद्धतच होती, त्यात वावगं काही नाही. पण दर वेळी? एकदा लक्षात आल्यावर त्यानं आपल्या कागदाच्या कडेला बारीक रेघा ओढायला सुरुवात केली. नऊ वेळा हात ठेवला, नऊ वेळा चिठ्ठी गेली.

मग त्यानं तिची चाहूल घेऊन पाहिली. एकदा नाही, सहादा. “या चोरटीच्या मनात वाईट आहे का?” दर वेळी म्युरिएलचं एकच उत्तर, “तुम्हाला काही जाणवत नाही.” दुसरा कुणी असता तर निश्चिंत झाला असता. आर्विडचं उलटं झालं. मुद्दाम झाकल्याशिवाय इतकं काहीच न जाणवणं कसं शक्य आहे? प्रत्येकाची वृत्ती, म्हणजे तो सज्जन की दुर्जन, शब्दाला जागणारा की मनमानी करणारा, हे म्युरिएलच्या हिरव्या वहीत एका चौकटीत ठिपक्यानं मांडलेलं असायचं, आणि माणूस जसा वागेल तसा ती ठिपका खोडून सरकवायची. ती वही कुणाला बघायला मिळत नसे. जनेलला विचारावं, तर ती नुसती हसायची.

खरं सांगायचं तर त्याला कुप्या आठवत नव्हत्या. त्याला गोळ्या आठवत होत्या.

अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको मार्लिस अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या वेदनेच्या गोळ्या कमी भरायला लागल्या. घरात माणसं तीन. त्यानं स्वयंपाकघरात, शेजारच्या खोलीत आजारी बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात, जनेलला विचारलं. विचारलं कसलं, गोळ्या तूच चोरतेस असं सांगितलंच. जनेल एक शब्द बोलली नाही. त्याच संध्याकाळी बसनं मिलवॉकीला गेली. आईच्या अंत्यविधीला आली, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि कॉफीला न थांबता परतली. पुढे उन्हाळ्यात त्यानं मार्लिसचा शिवणाचा डबा उघडला, तर तळाशी रुमालात बांधलेल्या तीसेक गोळ्या. गोळी घेतली की दिवसभर झोप लागायची, आणि दिवस तर थोडेच राहिले होते. म्हणून ती गिळल्यासारखं करून ठेवून द्यायची. त्यानं जनेलला पत्र लिहिलं: ‘गोळ्या सापडल्या. आईच्या डब्यात होत्या.’ त्याला वाटलं, एवढं पुरे. उत्तर आलं नाही.

गेल्या ऑगस्टात ती जिल्ह्याच्या इस्पितळात नोकरी धरून परत आली. वडलांच्या घरी नाही आली. शनिवारी ग्रंथालयात आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “मलाही घ्या.” तेव्हापासून ही बापलेक बोलायची ती या टेबलावर, तीही गुहा आणि राक्षसांबद्दल. या वेळी गेली तर ती परत यायची नाही, हे आर्विडला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याचा हात कार्डावरून उठेना.

“कुणाला पोचवतेस कुप्या?” त्यानं विचारलं. “आपल्या वैऱ्याला, त्या काळ्या सरदाराला?”

“नाही.”

“मग विकल्यास?”

“नाही, बाबा.”

“मग गेल्या कुठे?”

जनेल उठली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट तिनं ओढला आणि एका बाहीत हात घातला. आवाज न चढवता म्हणाली, “तुम्ही तेव्हाही असंच विचारलं होतं. अगदी याच आवाजात.”

“अगं बस की,” ड्यूई पुटपुटला. “बस ना जनेल. ओ आर्विडदादा, सोडा की राव!”

“सोडायचं काय त्यात! म्युरिएलबाई, लिहून घ्या. मी हिला माझ्यापासून दहा पावलं लांब उभी करतो. हिची झोळी माझ्या पायाखाली. जागची हलली तर तलवार काढीन. आणि आता मी डोळे मिटतो, प्रार्थना करतो आणि ड्यूईच्या जखमेवर हात ठेवतो.”

म्युरिएलनं चष्मा चढवला. बाई एरवी मिश्कील, राक्षसांचे आवाज काढून सगळ्यांना हसवायची. आता तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

“जनेलची चिठ्ठी माझ्याकडे आलेली नाही,” ती म्हणाली. “तरी हात ठेवायचा? विचार करा, आर्विड.”

“तिच्या चिठ्ठीचा माझ्या हाताशी काय संबंध?”

“मी फक्त विचारतेय.”

“ठेवतो म्हणालो ना!”

“बरं. तुम्ही हात ठेवता,” म्युरिएल म्हणाली. “काही होत नाही.”

“म्हणजे?”

“जखम तशीच आहे. रक्त वाहतंय.”

“फासा टाका परत.”

“यात फासा नसतोच. तुम्हाला माहीत आहे.”

आर्विडनं घसा खाकरला. “पुन्हा हात ठेवतो. नीट, सगळी प्रार्थना म्हणून.”

“काही होत नाही,” म्युरिएल म्हणाली. “ड्यूई, तुझ्या बुटक्याचा श्वास मंद होतोय. फार वेळ नाही.”

ड्यूईनं गेली सहा वर्षं जपलेला आपला बुटका डोळ्यांसमोर आणला असावा. त्याच्या हातातला सॉसेजचा तुकडा तसाच राहिला.

आर्विडनं तळवा उचलला आणि दबलेलं कार्ड आपल्याकडे वळवलं. पेन्सिलीचं अक्षर मार्लिसच्या वळणाचं होतं. हे त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं, कारण चिठ्ठ्या पालथ्या जायच्या. लिहिलं होतं: ‘नेहमीसारखं. बाबा डोळे मिटतील तेव्हा त्यांच्या बोटांखालून ओतते. ही शेवटची, आता पुढे काय करायचं ते’

तिथं वाक्य तुटलं होतं.

म्युरिएलनं पत्र्याचा डबा उघडला आणि सगळ्यात खालचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. त्यावर ऑक्टोबरातली तारीख होती. ‘वहीत ठिपका हलवलात ना? बाबांचं व्रत मोडलं. त्यांना इतक्यात सांगू नका. हात ठेवतील तेव्हा माझी कुपी खर्ची घाला.’

“कशानं मोडलं?” त्यानं विचारलं. पण विचारता विचारताच त्याला आठवलं. ऑक्टोबरातल्या खेळातलं, पाणी भरत चाललेलं तळघर. त्या गुहेतच राहणारा, हात जोडून शरण आलेला एक म्हातारा, मागची वाट दाखवतो म्हणणारा. आर्विडनं त्याला अभयाचा शब्द दिला होता. मग मनात आलं, हा आपल्याला खिंडीत गाठायला तर नेत नसेल? आणि त्यानं म्हाताऱ्याला आत ठेवून लोखंडी दार लावून घेतलं. जनेल तेव्हा वाद घालत होती. पुढे ती मागची वाट सापडली. म्हाताऱ्यानं सांगितली होती तिथंच होती.

“म्हणजे ऑक्टोबरपासून माझा हात…”

“नुसता हात आहे,” म्युरिएल म्हणाली. “चाहूलसुद्धा गेली. मी खोटं बोलले नाही, आर्विड. तुम्हाला काही जाणवत नव्हतं, हे खरंच होतं.”

बाहेर तळ्यावर कुणीतरी बर्फाला भोक पाडत होतं, त्याचा किरकिराट येत होता. आर्विडनं दोन्ही कार्डं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. फार लाज वाटली त्याला, आणि ती लपवायला जागा नव्हती.

“जनेल,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “गोळ्यांचं. ते तुला तेव्हाच ठाऊक होतं?”

जनेल एक बाही घालून तशीच उभी होती.

“आई म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल.”

आर्विडनं नुसती मान हलवली.

“मंडळी,” ड्यूई हळूच म्हणाला, “मी अजून मरतोच आहे हं.”

म्युरिएल आर्विडकडे वळली. “बोला. काय करता तुम्ही?”

“मी बाजूला होतो,” आर्विड म्हणाला.

“म्हणजे नेमकं काय? सांगा नीट.”

“तिच्या झोळीवरचा पाय काढतो. तिला वाट देतो.” तो ड्यूईकडे वळला. “आणि ड्यूईला सांगतो, आजवर तुला बरं केलं ते मी नाही. हिनं केलं. मी डोळे मिटून बसलो होतो. आणि हिला सांगतो, चूक माझी. आताची आणि… ती दुसरी पण. हे सगळं मोठ्यानं सांगतो. लिहून घ्या, म्युरिएलबाई.”

म्युरिएलनं लिहून घेतलं. मग खोडरबर त्याच्यापुढे सरकवलं. आपल्या कागदावर वृत्तीच्या रकान्यात पाच वर्षांपूर्वी शाईनं लिहिलेला ‘सज्जन’ हा शब्द आर्विड घासू लागला. शाई निघेना, कागद मात्र विरायला लागला.

“राहू द्या ते. कागद फाटेल,” जनेल म्हणाली.

तिनं कोटाची बाही काढली, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसली. तुटलेल्या वाक्याचं कार्ड तिनं वडलांपुढून उचललं, पेन्सिल घेतली, आणि या वेळी सगळ्यांना दिसेल असं, सुलट ठेवून, लिहायला लागली.